विश्लेषण : नव्या गाडीत साधे पेट्रोल की प्रीमियम? उत्तर दडले आहे थॉमस मिजली या इंजिनीअरच्या आयुष्यात

उल्हासनगर कॅम्प १ मधून शहाडच्या पुलाकडे निघा किंवा कल्याण-अंबरनाथ रस्त्याने बदलापूरकडे जा, वाटेतल्या पंपावर नवी कोरी गाडी उभी राहिली की कर्मचाऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : साधे टाकू की प्रीमियम? मागे रिक्षांचे हॉर्न वाजत असतात, उत्तर दोन सेकंदांत द्यायचे असते. गाडीच्या हारातली फुलेही अजून सुकलेली नसतात. त्यामुळे बरेच जण नव्या गाडीला चांगलेच पाजू, असे म्हणून महागड्या नोझलकडे बोट दाखवतात.

पण हे ‘चांगले’ म्हणजे नेमके काय? हा प्रश्न पंपावर पहिल्यांदा उभा राहिला तो १९२३ मध्ये, अमेरिकेतील डेटन या शहरात. तो उभा करणारा माणूस होता थॉमस मिजली. पेट्रोलचे ‘साधे’ आणि ‘भारी’ असे दोन वर्ग बाजारात रुजवण्यात त्याच्या शोधाचा मोठा वाटा आहे. आणि विसाव्या शतकात जगभरच्या हवेत शिसे पसरले तेही त्याच शोधामुळे. त्याचे आयुष्य समजून घेतले तर पंपावरचा निर्णय सोपा होतो.

कोण होता थॉमस मिजली?

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडील स्वतः संशोधक वृत्तीचे, मोटारीच्या टायरवर काम करणारे. त्यामुळे घरात यंत्रांचेच वातावरण. थॉमसने कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. पुढे जगाने त्याला रसायनशास्त्रज्ञ म्हणून ओळखले. मात्र त्याचे औपचारिक शिक्षण यंत्रांचे होते, रसायनशास्त्र तो कामातून शिकला.

१९१६ मध्ये तो डेटनमधील चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. केटरिंग तेव्हा मोठे नाव होते. मोटार सुरू करण्यासाठी पुढे जाऊन हँडल फिरवायचा त्रास ज्याने संपवला, तो इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर त्यांचाच. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्सच्या छत्राखाली आली. केटरिंग यांनी नव्या इंजिनीअरपुढे एक जुने दुखणे ठेवले. त्या दुखण्याचे नाव होते ‘नॉकिंग’.

नॉकिंग म्हणजे काय?

चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये दामटली की इंजिनातून खडखड किंवा टकटक असा आवाज येतो. कोणीतरी आतून हातोडीने ठोकत असल्यासारखा. तेच नॉकिंग.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पिस्टन दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरते. सगळे शिस्तीत झाले तर पिस्टनला एकसारखा जोर मिळतो. पण दाब आणि उष्णता जास्त झाली, तर ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. सिलिंडरमध्ये दाबाचा धक्का बसतो आणि आवाज येतो. हे सतत होत राहिले तर पिस्टनचे नुकसान होते.

यात एक मेख होती. मिश्रण जितके जास्त दाबावे, तितके त्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळते. पण जास्त दाबले की नॉकिंग वाढते. त्या काळची फोर्डची ‘मॉडेल टी’ मिश्रणाला सुमारे चार पट दाबत असे. आजच्या अनेक छोट्या मोटारी दहा पटींहून अधिक दाबतात. या दोहोंच्या मधली भिंत नॉकिंगची होती.

मिजलीने सिलिंडरला खिडकी बसवून आतल्या ज्वालेचा अभ्यास केला. दोष केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनचा, असा तेव्हा अनेकांचा समज होता. मिजलीला दिसले ते वेगळेच. गडबड ठिणगी पडल्यानंतर होत होती. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

आयोडीनपासून शिशापर्यंत

लाल रंगाचे इंधन उष्णता लवकर शोषेल आणि नीट जळेल, अशी एक कल्पना प्रयोगशाळेत पुढे आली. रंग हवा म्हणून मिजलीने हाताशी असलेले आयोडीन इंधनात मिसळले आणि नॉकिंग थांबले. मग त्याने दुसरे लाल रंग वापरून पाहिले. एकाचाही उपयोग झाला नाही. कल्पना चुकीची होती, पण तिच्यातून निघालेला निष्कर्ष खरा होता. इंधनात अगदी थोडे काही मिसळून नॉकिंग रोखता येते.

आयोडीन महाग होते आणि धातू खात असे. पुढची पाच वर्षे मिजली आणि त्याचे सहकारी एकामागून एक पदार्थ तपासत राहिले. ॲनिलीन झाले, सेलेनियम झाले. टेलुरियमने नॉकिंग थांबले, पण त्याचा लसणासारखा उग्र वास अंगाला आणि कपड्यांना असा चिकटला, की आंघोळ करूनही जाईना. शेवटी मिजलीने अंदाजपंचे शोध सोडून मूलद्रव्यांची आवर्तसारणी समोर ठेवली आणि कोणत्या दिशेला परिणाम वाढत जातो हे पाहत पुढे सरकला. त्या वाटेच्या टोकाला होते शिसे.

९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या द्रवाची चाचणी झाली. हजार भाग पेट्रोलमध्ये एखादा भागही पुरे पडला आणि इंजिन शांत चालू लागले. हे रसायन नवे नव्हते. जर्मनीत ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच तयार झाले होते. ते अत्यंत विषारी असल्याचेही माहीत होते.

बाजूला पडलेला पर्याय : इथेनॉल

आजच्या भारतीय वाचकाने थांबून पाहावे, अशी जागा इथे आहे. शिसे सापडण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ऑक्टोबर १९२१ मध्ये, मिजलीनेच अल्कोहोल मिसळलेल्या इंधनावर चालणारी मोटार वाहन अभियंत्यांच्या परिषदेत नेऊन दाखवली होती. मिश्रणात सुमारे ३० टक्के अल्कोहोल होते आणि इंजिन जास्त दाबाचे असूनही नॉकिंग नव्हते. म्हणजे अल्कोहोलने काम होते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

मग शिसे का निवडले गेले? अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागते, शिशाचा द्रव चमचाभर पुरतो. अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्यावर एका कंपनीची मालकी सांगता येत नाही. शिशाच्या वापरावर मात्र पेटंट मिळत होते. तांत्रिक प्रश्नाची दोन उत्तरे समोर होती. त्यातले स्वस्त आणि स्वतःच्या ताब्यात राहील असे उत्तर बाजारात गेले.

पहिले ‘प्रीमियम’ पेट्रोल

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. नाव ठेवले ‘एथिल’. नावात शिसे कुठेच नव्हते. ते ओळखू यावे म्हणून त्याला लाल रंग दिला गेला आणि दर साध्या पेट्रोलपेक्षा जास्त ठेवला गेला. वेगळा रंग, वेगळे नाव, वेगळा दर. आजच्या पंपावरची मांडणी फारशी निराळी नाही. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही क्रमांकांच्या गाड्यांनी ‘एथिल’ वापरले आणि नाव घरोघरी पोहोचले.

शर्यतीपूर्वीच, १९२३ च्या सुरुवातीला, मिजली स्वतः आजारी पडला होता. कारण होते शिशाची बाधा. कामातून सुटी घेऊन तो काही आठवडे फ्लोरिडाच्या स्वच्छ हवेत राहिला. बरे वाटल्यावर परत कामावर आला.

कामगारांचे मृत्यू आणि ती पत्रकार परिषद

१९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी मिळून एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशन स्थापन केली. मिजली तिचा उपाध्यक्ष झाला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले. काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागले. पाच जण दगावले, ३० हून अधिक रुग्णालयात गेले. इतर कारखान्यांतूनही मृत्यूंच्या बातम्या आल्या. न्यूयॉर्कसह काही शहरांनी या पेट्रोलवर बंदी घातली.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली पत्रकारांसमोर आला. त्याने तो द्रव आपल्या हातांवर ओतला आणि बाटली नाकाशी धरून सुमारे मिनिटभर वास घेतला. हे रोज केले तरी धोका नाही, असा त्याचा दावा होता. शिशामुळे आपण स्वतः अंथरुणाला खिळलो होतो, हे त्याला ठाऊक होते. तरीही त्याने हे केले.

येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि औद्योगिक विषबाधेच्या तज्ज्ञ डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट इशारा दिला होता. कारखान्यातील अपघात हा प्रश्नाचा एक भाग झाला, खरा धोका रस्त्यावर रोज थोडे थोडे शिसे श्वासात जाण्याचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मे १९२५ मध्ये सरकारी परिषद भरली, विक्री तात्पुरती थांबली. जानेवारी १९२६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने बंदीसाठी पुरेसा आधार नसल्याचा अहवाल दिला आणि पुढील अभ्यासाची शिफारस केली. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक दशके या विषयावरचे संशोधन मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चालले.

ऑक्टेनचा आकडा कुठून आला?

पंपावर दिसणारे ९१, ९५ किंवा १०० हे आकडेही याच कंपनीची देणगी आहेत. एथिल कॉर्पोरेशनमधील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६-२७ च्या सुमारास ही मोजपट्टी सुचवली. नॉकिंगला उत्तम दाद न देणाऱ्या आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण आणि लगेच नॉक करणाऱ्या हेप्टेनला शून्य. तुमचे पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखे वागते, त्यावरून त्याचा आकडा ठरतो.

म्हणजे ऑक्टेन हे पेट्रोलच्या ताकदीचे माप नाही, शुद्धतेचेही नाही. ते फक्त दाब सहन करण्याच्या क्षमतेचे माप आहे. १०० ऑक्टेनच्या एका लिटरमध्ये ९१ ऑक्टेनच्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा भरलेली नसते.

दुसरा शोध आणि शेवट

मिजली पेट्रोलवर थांबला नाही. तेव्हाच्या फ्रिजमध्ये विषारी किंवा पेट घेणारे वायू असत. १९२८ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह त्यांना पर्याय शोधला. तोच पुढे ‘फ्रिऑन’ नावाने विकला गेला. १९३० मध्ये त्याने तो वायू सर्वांसमोर छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेट घेत नाही, हे त्याला दाखवायचे होते. या वेळी दावा खरा होता. पण याच कुळातले वायू वातावरणात उंचावर जाऊन ओझोनचा थर विरळ करतात, हे १९७४ मध्ये संशोधकांनी मांडले आणि १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद होत गेले.

१९४० मध्ये, ५१ व्या वर्षी, मिजलीला पोलिओ झाला आणि पायांतले बळ गेले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतःच बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतील घरी त्याच दोऱ्यांत गळा अडकून तो मृतावस्थेत सापडला. वय ५५. त्या वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. अमेरिकी रसायनशास्त्रातील मानाची पदके त्याला मिळाली होती. त्याच्या शोधांचे दुसरे टोक जगाला दिसले ते त्याच्या मृत्यूनंतर.

उल्हासनगरशी याचा संबंध काय?

मिजली गेला तेव्हा आजच्या उल्हासनगरच्या जागी दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे याच बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पांचे आकडे तेव्हापासून आजपर्यंत पत्त्यांवर टिकून आहेत.

भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय मोजताना सगळीकडे पसरलेले शिसे टिपले आणि १९६५ मध्ये त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. १९७० च्या दशकात मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. शिसे त्यांनाही निकामी करत असल्याने शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत ते मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगात मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे विक्री थांबली जुलै २०२१ मध्ये.

हिशेब केला तर या शहराची पहिली ५० वर्षे शिशाच्या पेट्रोलच्या काळात गेली. आज पंपावर रांगेत उभे असलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकांचे बालपण त्याच हवेत गेले आहे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजच्या साध्या किंवा प्रीमियम, कुठल्याच पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जात नाही.

आणि ज्या अल्कोहोलला १९२१ मध्ये बाजूला सारले गेले, तेच आता उसाच्या मळीतून आणि धान्यातून आपल्या टाकीत येत आहे. त्याचे ऑक्टेन मुळातच जास्त असते. पूर्वी ८८ आणि मग ९१ असलेले साध्या पेट्रोलचे ऑक्टेन २० टक्के इथेनॉलमुळे (ई२०) ९५ पर्यंत गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडे घटते. ई२० साठी जुळवून घेतलेल्या मोटारींत ही घट १ ते २ टक्के, तर इतरांत ३ ते ६ टक्के असल्याचा सरकारी अंदाज आहे.

मग टाकायचे कोणते?

‘स्पीड’, ‘पॉवर’, ‘एक्सपी९५’ अशा नावांमागे दोन गोष्टी असू शकतात : जास्त ऑक्टेन किंवा इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने, काही ठिकाणी दोन्ही. त्यामुळे पुढील गोष्टी पाहा.

१. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागचे स्टिकर आणि गाडीसोबत आलेले माहितीपुस्तक वाचा. तिथे किमान ऑक्टेन ९१ लिहिले असेल, तर साधे पेट्रोल पुरेसे आहे. वरचे ऑक्टेन वापरल्याने सहसा जास्त जोर किंवा मायलेज मिळत नाही.

२. पुस्तकात ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेन आवश्यक म्हटले असेल, तर ते पाळा. काही टर्बो-पेट्रोल आणि महागड्या गाड्यांना याची गरज असते. कमी ऑक्टेन टाकल्यास नॉक सेन्सर इंजिनाला सांभाळून घेतो, पण ठिणगीची वेळ मागे सरकते आणि जोर व मायलेज दोन्ही कमी होतात.

३. ‘आवश्यक’ आणि ‘शिफारस’ या शब्दांत फरक आहे. शिफारस असेल तर साधे पेट्रोल चालते, जास्त ऑक्टेनने थोडा फायदा होऊ शकतो.

४. स्वच्छतेची रसायने निरुपयोगी नाहीत. मात्र डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. त्यामुळे तिथला मळ पेट्रोलमधल्या रसायनाने निघत नाही.

५. प्रीमियम म्हणजे इथेनॉलविरहित असे समजू नका. बहुतेक ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असते. गाडी ई२० साठी योग्य आहे का, हेही स्टिकरवर पाहा.

६. खिशाचे गणित मांडा. समजा दरातील फरक लिटरला ८ रुपये आहे, टाकी ३५ लिटरची आहे आणि महिन्यात ती तीनदा भरता. महिन्याला ८४० रुपये, वर्षाला १० हजार ८० रुपये. इतक्या पैशांत अनेक छोट्या मोटारींची वर्षाची सर्व्हिसिंग होऊ शकते.

७. नव्या गाडीत साधे पेट्रोल टाकूनही चढावर सतत टकटक ऐकू आली, तर महागडे पेट्रोल हा पहिला उपाय नाही. आधी वॉरंटीत गाडी तपासून घ्या.

१९२३ मध्ये डेटनच्या पंपावर लाल पेट्रोल घेणाऱ्या ग्राहकाला त्यात काय मिसळले आहे, हे नावावरून कळत नव्हते. विचारायला जागाही फारशी नव्हती. आज ती माहिती टाकीच्या झाकणामागे छापलेली असते. पुढच्या वेळी कॅम्प १ च्या पंपावर तोच प्रश्न आला, की आधी झाकण उघडून आकडा वाचा, मग नोझल निवडा.